गुळवेल: कशी ओळखायची, कधी घ्यायची, कोणी घेऊ नये आणि बाकीचे नेहमीचे प्रश्न

आमच्या छोट्या नर्सरीत औषधी रोपं न्यायला जे लोक येतात त्यातले निम्मे गुळवेल मागतात, आणि रोप हातात घेतलं की प्रश्न सुरू होतात. कोरोनाच्या आधी विचारायचे की ही जगेल ना, आता विचारतात ही पिऊन लिव्हर तर जाणार नाही ना. दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही, पण ही वेल लहानपणापासून घरात बघितलीय, जाणत्या वैद्यांकडून ऐकलंय आणि गेल्या काही वर्षांत जे छापून आलं ते मन लावून वाचलंय, त्यावरून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय. तुमचं दुखणं काय आहे ते बघून औषध सांगणारा माणूस मात्र तुमच्या समोर बसलेलाच पाहिजे, ते काम इथे होणार नाही.

गुळवेल, गिलॉय, गुडूची, अमृतवेल या वेगवेगळ्या वेली आहेत का?

नाही, एकच. आपल्याकडे गुळवेल, काही भागात गरोळ, गोव्यात अमृतवेल, हिंदीत गिलॉय, संस्कृतात गुडूची नाहीतर अमृता. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. हे शेवटचं नाव जरा लक्षात ठेवा, बाटलीवरचं लेबल वाचताना लागेल. जुन्या ग्रंथातली गोष्ट अशी की राम-रावण युद्धात मेलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडलं आणि त्यांच्या अंगावरून जे थेंब जमिनीवर पडले तिथे ही वेल उगवली.

आमच्या कंपाउंडवर बदामाच्या आकाराच्या पानांची वेल चढलीय, ती गुळवेलच असेल ना?

नुसत्या पानावरून अजिबात ठरवू नका. बदामी आकाराची पानं असलेल्या वेली आपल्याकडे ढिगाने आहेत, खायच्या पानांची नागवेल आहे, पहाडवेल आहे, शिवाय हल्ली शोभेच्या वेलीही खूप झाल्यात. लोक व्हॉट्सॅपवर पानाचा फोटो पाठवतात आणि विचारतात हीच का, त्यांना मी सांगते की खोडाचा फोटो पाठवा.

गुळवेलीचं खोड मांसल असतं, वरची साल कागदासारखी पातळ, नखाने खरवडली की निघते आणि आत हिरवंगार दिसतं. सालीवर बारीक पांढरट ठिपके असतात. बोटाएवढी जाड कांडी आडवी कापा, आत मधून बाहेर जाणाऱ्या रेषा दिसतील, चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि कांडी वाळली की हे चाक अजून स्पष्ट दिसतं. उंच झाडावर चढलेल्या जुन्या वेलीला वरून दोऱ्यासारखी लांब लांब मुळं खाली लोंबतात, ती बघितली की ओळखायला सोपं जातं. फळं मटाराएवढी, गोल, पिकल्यावर लालभडक, पण ती फक्त मादी वेलीला येतात, त्यामुळे तुमच्या वेलीला फळ धरत नाही म्हणून ती गुळवेल नाही असं समजू नका. आणि चव कडू, जिभेवर बराच वेळ राहणारी. पण चवीने ओळखायच्या भानगडीत पडू नका, कडू तर विषारी वेलीही असतात.

तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक वेल घातक आहे म्हणतात, ती कोणती?

ती टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्याच जातकुळीतली, थायलंड इंडोनेशियाकडे खूप, आपल्याकडे ईशान्य भारतात. तिच्यामुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दोन्हीतला फरक सांगितला होता तो असा: क्रिस्पाच्या खोडावर मोठमोठ्या गाठी, चामखीळ असतात तशा, भरपूर असतात, तोडलं की दुधाळ चीक येतो, फुलाला 3 पाकळ्या आणि फळ लांबट, नारिंगी. आपल्या गुळवेलीचं खोड हिरवट, त्याला असल्या गाठी नाहीत, दुधाळ चीक नाही, फुलाला 6 पाकळ्या, फळ गोल आणि लाल. फुलं फळं कायम नसतात, त्यामुळे खोडच बघा. गाठाळ खोड दिसलं की विषय संपला, ते घ्यायचं नाही.

कडुलिंबावर चढलेलीच घ्यावी हे खरं का?

परंपरेत निंबावरची गुळवेल सगळ्यात चांगली मानतात, तिला निंबगुडूची म्हणतात, कारण ज्या झाडावर वेल चढते त्याचे गुण ती घेते असं वैद्य मानतात. आंब्यावरची, बाभळीवरची लोक वापरतातच. पण कोकणातले जाणते काजऱ्यावर, म्हणजे कुचल्यावर चढलेली गुळवेल तोडू देत नाहीत, आणि विषारी झाडावरची वेल सोडून द्यायची हा नियम मला तरी फार शहाणपणाचा वाटतो, कमीत कमी तोडताना कांड्यांची सरमिसळ व्हायची भीती तरी राहत नाही. मी अजून एक सांगेन, हायवेच्या कडेची, गटारावरची, फवारणी होणाऱ्या बागेतली घेऊ नका.

पूर्वी लोक ती कशासाठी घ्यायचे?

सगळ्यात आधी ताप. जुना, रेंगाळलेला, येऊन जाऊन येणारा ताप, त्यात गुळवेलीचा काढा हे घरोघरी ठरलेलं होतं. मग अंगातली कडकी, हातापायांची आग, तोंडाला चव नसणं, आम्लपित्त, अंगाला खाज, सांधे धरणं, आणि आयुर्वेदात ज्याला वातरक्त म्हणतात ते, ज्यात आजचं युरिक ॲसिडचं दुखणं बरंचसं बसतं. चरकाने मेध्य रसायनांत गुळवेलीचा रस सांगितलाय, म्हणजे बुद्धीला चांगलं म्हणून. अमृतारिष्ट, संशमनी वटी, कैशोर गुग्गुळ, अमृता गुग्गुळ ही नावं तुम्ही ऐकली असतील, सगळ्यांत गुळवेल आहे.

आणि एकच वेल वेगवेगळ्या अनुपानाबरोबर, म्हणजे औषधासोबत घ्यायच्या पदार्थाबरोबर, द्यायची रीत होती, ती मला फार आवडते. वातासाठी तुपाबरोबर, पोट साफ होत नसेल तर गुळाबरोबर, पित्ताला खडीसाखर, कफाला मध, वातरक्ताला एरंडेल, आमवाताला सुंठ. यावरून एवढं तर कळतं की समोर माणूस कोण आहे आणि त्याला काय होतंय हे आधी बघितलं जायचं, मगच गुळवेल दिली जायची. घरातल्या आज्या पण सरसकट सगळ्यांना पाजत नव्हत्या हो, ज्याला ताप त्याला, आणि ताप उतरला, चार दिवस भूक नीट लागली की काढा बंद. ती वेल परसात वर्षभर असायची पण वर्षभर कोणी प्यायचं नाही, हे आपण कुठेतरी विसरलो आणि तिथूनच पुढची सगळी गडबड सुरू झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

काढा करायचा कसा आणि प्रमाण काय?

घरगुती पद्धत म्हणजे करंगळी ते बोटाएवढी जाड, वीतभर ताजी कांडी घ्यायची, धुवायची, वरची पातळ साल खरवडून काढायची, खलबत्त्यात ठेचायची, दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळून अर्धा कप उरवायचं आणि गाळून घ्यायचं. कोणी रात्री ठेचून पाण्यात भिजत घालतात आणि सकाळी कुस्करून गाळतात, त्याला हिम म्हणतात, उन्हाळ्यात अंगाची आग होत असेल तर हा बरा मानतात.

आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशात खोडाचं चूर्ण दिवसाला 3 ते 6 ग्रॅम आणि काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम दिलंय. इथे एक बारीक गोष्ट आहे, बहुतेक वनस्पती ओल्या घेतल्या तर वाळलेल्याच्या दुप्पट घ्याव्यात असा नियम असतो, पण गुळवेल, अडुळसा, शतावरी अशा काही वनस्पती नेहमी ओल्याच वापरायच्या आणि दुप्पट करायच्या नाहीत असं जुन्या ग्रंथात वेगळं सांगितलंय. हे माहीत नसलं की माणसं ओली आहे म्हणून मूठभर कांड्या टाकतात, त्यात तुळस, मिरी, दालचिनी, लवंग असं सापडेल ते घालतात आणि दिवसातून तीनदा पितात. असं करू नका. जास्त कडू म्हणजे जास्त गुणकारी हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेलं नाही.

पानं चावून खाल्ली तर चालतात?

औषधात खोड वापरतात. पानांची भाजी काही ठिकाणी करतात, क्वचित खाल्ली तर त्याचं काही नाही, पण रोज उठून दोन पानं चावायची असं काही जुन्या रीतीत नाही.

गुळवेल सत्व म्हणजे काय, ते घरी होतं का?

होतं, पण काम चिकाटीचं आहे. ताज्या जाड कांड्या साल काढून बारीक ठेचायच्या, भरपूर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी हाताने चांगल्या कुस्करून चोथा फेकायचा, पाणी फडक्यातून गाळून तासन् तास न हलवता ठेवायचं. तळाशी पांढरट साका बसतो, वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, परत पाणी घालायचं, परत बसू द्यायचं, मग साका ताटात वाळवायचा. एवढ्या खटाटोपाने किलोभर कांड्यांतून हाताला थोडंसंच लागतं.

हा साका म्हणजे मुख्यतः पिष्ट, म्हणून काढ्याएवढा कडू लागत नाही, आणि वैद्य तो दुधातून वगैरे नाजूक प्रकृतीच्या माणसाला देतात. बाजारात मात्र यात मक्याचं, बटाट्याचं पीठ मिसळण्याचा धंदा जुना आहे, पांढरं पीठ पांढऱ्या पिठात, डोळ्यांना कळणार कसं. फार स्वस्त सत्व मिळालं तर विकत घेऊ नका, त्यात गुळवेल असण्याची शक्यता कमी.

रोज सकाळी रिकाम्या पोटी प्यायली तर इम्युनिटी वाढते ना? आम्ही दोन वर्षं पितोय.

थांबवा, असंच मी म्हणेन. निदान काही महिने थांबवा आणि एकदा एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या.

सांगते का ते. 6 ऑक्टोबर 2020 ला केंद्र सरकारने कोरोनासाठी आयुर्वेद आणि योगाची जी मार्गदर्शिका काढली त्यात गुळवेल घनवटी (आटवलेल्या काढ्याची गोळी) 500 मिलिग्रॅम किंवा चूर्ण 1 ते 3 ग्रॅम, दिवसातून दोनदा, 15 दिवस किंवा एक महिना असं होतं. एक महिना. त्याच्या पुढचं कोणी वाचलं नाही, सगळ्यांनी फक्त गुळवेल हा शब्द उचलला आणि त्यात घरोघरी जे पातेलं चढलं ते दोन दोन वर्षं उतरलंच नाही. आणि इम्युनिटी वाढते म्हणजे चांगलंच होतं हेही अर्धंच खरं आहे, काही माणसांमध्ये आजारच असा असतो की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या अवयवांवर तुटून पडते, तिला अजून चेव आला तर नुकसान त्याच माणसाचं.

गुळवेलीने लिव्हर खराब होतं हे खरं आहे की ॲलोपॅथीवाल्यांनी उठवलेली आवई?

सगळ्यात जास्त भांडणं या प्रश्नावर होतात म्हणून जरा सविस्तर.

सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी 6 पेशंट बघितले, सगळ्यांना कावीळ किंवा तसाच लिव्हरचा त्रास, हिपॅटायटिसच्या नेहमीच्या व्हायरसचा पत्ता नाही, आणि सगळे गुळवेल घेत होते. 2021 मध्ये हे एका वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की हा अभ्यास दिशाभूल करणारा आहे, पेशंटनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की दुसरी कुठली, कदाचित क्रिस्पा, हे लेखकांनी तपासलंच नाही. मला तेव्हा हा मुद्दा पटला होता आणि अजूनही तो प्रश्न म्हणून योग्यच वाटतो, कारण लोक काय तोडून आणतात ते मी रोज बघते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. 2022 मध्ये देशातल्या बऱ्याच ठिकाणच्या लिव्हर तज्ज्ञांनी मिळून 43 पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण 46 दिवस, हा मधला आकडा, म्हणजे कोणाला लवकर कोणाला उशिरा. 67.4 टक्के पेशंटमध्ये ऑटोइम्यून प्रकारची लक्षणं, म्हणजे शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उठलेलं. काहींना आधीच लिव्हरचा जुना आजार होता आणि तो एकदम उसळला. आणि या वेळी पेशंटकडचे काही नमुने मिळवून तपासलेही होते, त्यात भेसळ किंवा दुसरं काही विष सापडलं नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरोनाच्या काळात ही वेल पिणाऱ्यांची संख्या प्रचंड होती आणि समोर आलेले पेशंट थोडे आहेत, म्हणजे दहा जणांनी प्यायली तर दहाही जणांचं लिव्हर बिघडतं असं बिलकुल नाही. बऱ्याच जणांचं गुळवेल बंद केल्यावर आणि उपचार केल्यावर सुधारलं. पण काही दगावलेही आहेत, आणि तो त्रास नेमका कोणाला होणार हे आधी चेहरा बघून सांगता येत नाही. म्हणून आयुर्वेदाला मानणाऱ्यांनी चिडण्यापेक्षा हे ऐकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः आयुर्वेदाला मानते आणि म्हणूनच सांगते, ज्या शास्त्रात पथ्य, मात्रा, काळ आणि प्रकृती याशिवाय औषध नाही त्या शास्त्राच्या नावावर वर्षानुवर्षं बिनमापाचा काढा पिणं हा त्या शास्त्राचाच अपमान आहे.

माझ्या दारची वेल खात्रीची आहे, म्हणजे मला धोका नाही ना?

ओळख पक्की झाली म्हणजे चुकीच्या वनस्पतीचा धोका गेला. वर जे ऑटोइम्यून प्रकाराचं लिहिलंय तो धोका वेलीच्या ओळखीवर अवलंबून नाही, तुमच्या शरीरावर आहे.

कोणी अजिबात घेऊ नये?

ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे त्यांनी, म्हणजे हाशिमोटो थायरॉइड, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस, सोरायसिस, ऑटोइम्यून हिपॅटायटिस यातलं काही. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या किती बायकांना आपला थायरॉइड कोणत्या प्रकारचा आहे हेच माहीत नसतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेले, टॅक्रोलिमस, अझाथायोप्रिन, स्टेरॉइड अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असलेले, यांच्यासाठी तर हे सरळ उलट्या दिशेचं औषध आहे, नाहीच. लिव्हरचा कुठलाही जुना आजार, रोजची दारू, फॅटी लिव्हरबरोबर वाढलेलं एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा), नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करा आणि सर्जनला सांगा की मी हे घेत होते. लोक सांगत नाहीत, त्यांना वाटतं हे काय औषध थोडंच आहे, झाडपाला तर आहे.

पण आयुर्वेदात तर आमवातावर गुळवेल सांगितलीय, मग ऱ्हुमॅटॉइडवाल्यांना नको कशी?

हा प्रश्न विचारणारा माणूस विचार करतोय. आमवात आणि ऱ्हुमॅटॉइड हे बरंचसं एकमेकांवर बसतं, आणि गुळवेल सुंठ हे आमवाताचं जुनं औषध आहे हे मी वर लिहिलंच. वैद्य ते देतात, आणि देताना भूक, मल, जिभेवरचा थर, सूज सगळं बघून, किती दिवस ते ठरवून, दर आठ पंधरा दिवसांनी परत बोलावून देतात. तुमचा वैद्य पदवीधर असेल, तुमच्या रक्ताचे रिपोर्ट बघत असेल, आणि तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांधेविकाराच्या डॉक्टरला, याची कल्पना असेल तर तो निर्णय तुम्ही आणि ते दोघे अशा तिघांनी मिळून घ्यायचा. मेथोट्रेक्सेट ही ऱ्हुमॅटॉइडची गोळी चालू असताना मात्र दुप्पट सांभाळा, कारण तीही गोळी लिव्हरवर ताण देते, आणि उद्या एसजीपीटी वाढलं तर कोणामुळे वाढलं हे कोणालाच कळणार नाही. घरच्या घरी, शेजारणीला गुण आला म्हणून, नको.

चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने दुखतायत, त्याला?

वैद्य देतात. आधी हे दुखणं चिकुनगुनियाचंच आहे ना, की त्यानिमित्ताने दुसरा काही संधिवात उघडा पडलाय, ते तपासून घ्या, मग वैद्यांकडे जा.

शुगरला चालते ना?

गुळवेलीने साखर थोडी खाली येऊ शकते, अडचण तीच आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना वरून काढा घेतला तर साखर जास्त खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. कारलं, जांभळाच्या बियांची पावडर, मेथी, गुळवेल हे सगळं एकत्र करून पिणारे काकालोक बरेच भेटतात, त्यांना विनंती की निदान ग्लुकोमीटरवर रोज बघा आणि डॉक्टरांची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

डेंगीत प्लेटलेट वाढवायला गुळवेलीचा रस देऊ का?

डेंगीत प्लेटलेट पडतात आणि आजार उतरायला लागला की आपोआप चढतात, त्या चढतानाच्या दिवसांत जे पाजलं असेल त्याला श्रेय जातं, मग ती पपईची पानं असोत की गुळवेल. डेंगीत माणूस जातो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून आणि शॉकने, त्यामुळे पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यातून रक्त, गळून जाणं यातलं काही दिसलं, विशेषतः ताप उतरल्यावर, तर रस करत बसू नका, हॉस्पिटल गाठा. डेंगीत लिव्हरही सुजतं, एसजीओटी एसजीपीटी वाढतात, त्यावर हा प्रयोग कशाला.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल एकूणच सांगते. पूर्वी रक्त तपासायची सोय नव्हती म्हणून प्रत्येक तापाला काढा होता. आता मलेरिया, डेंगी, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) सगळ्यांच्या टेस्ट तालुक्याला होतात. कोकणात, मुंबईत भाताच्या चिखलात नाहीतर तुंबलेल्या पाण्यात चालल्यावर ताप आला आणि पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत तर लेप्टो असू शकतो, त्यात दोन दिवस काढ्यात घालवणं महागात पडतं.

कावीळ झाली की गुळवेलीची माळ घालतात, काढा देतात, ते?

गळ्यात कांड्यांची माळ घातल्याने इजा नाही, नुकसान होतं ते माळ घातली म्हणून तपासणी टाळल्याने. पोटातून मात्र कावीळ कशामुळे आहे ते कळेपर्यंत काहीही देऊ नका. साध्या हिपॅटायटिस ए ची कावीळ आराम केल्याने बरी होते, पित्ताच्या नळीत खडा असेल तर ती कोणत्याही काढ्याने निघत नाही.

म्हणजे यावर चांगलं संशोधन काही झालंच नाही का?

झालंय, आणि आपल्या मुंबईतच झालंय, ते सांगायला मला फार आनंद होतो. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डॉ. रवी बापट यांच्या सर्जरीच्या पेशंटवर, पित्तनलिका बंद झाल्याने कावीळ झालेल्यांना ऑपरेशनआधी गुळवेलीचा पाण्यातला अर्क देऊन बघितला. 1993 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 30 पेशंट होते, ज्यांना नेहमीचेच उपचार दिले त्यातल्या निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, ज्यांना सोबत गुळवेल दिली त्यांच्यात एकालाही नाही. 30 हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या जगाला सांगता येत नाही, पण प्रश्न किती नेमका होता बघा, कोणता पेशंट, कोणत्या वेळी, किती दिवस, आणि रोज रक्त तपासणारे डॉक्टर उशाशी. तीच वेल, तेच लिव्हरचे पेशंट, आणि तिथे ती उपयोगी पडली. मी हा अभ्यास आणि वरचे लिव्हर बिघडल्याचे अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचते तेव्हा मला त्यात विरोध दिसत नाही.

तिच्यातल्या बर्बेरिन, मॅग्नोफ्लोरिन आणि कडू डायटर्पीन घटकांवर, शिवाय काही बहुशर्करांवर प्रयोगशाळेत बरंच काम झालंय आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींवर त्यांचा परिणाम दिसतो. प्रयोगशाळेत दिसलं म्हणजे माणसात तसंच झालं असं नसतं, हेही तितकंच.

लहान मुलांना द्यावी का?

स्वतःहून नको. वैद्यांनी मूल बघून दिली तर त्यांच्या मापाने, त्यांनी सांगितले तेवढेच दिवस.

वैद्यांनी दिलीय, घेतोय, तर घेताना लक्ष कशावर ठेवू?

लघवी गडद, चहासारखी व्हायला लागली, डोळे पिवळट, अंगाला खाज, भूक मेली, मळमळ, उजव्या बरगडीखाली जड वाटणं, कारण नसताना प्रचंड थकवा. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी बंद करा आणि एलएफटी करा, त्यात बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी बघतात. डॉक्टरांना न लाजता सांगा काय काय घेत होतो, शक्य असेल तर ती कांडी, पावडर, बाटली सोबत न्या. लोक ओरडा बसेल म्हणून लपवतात, मग डॉक्टर दहा टेस्ट करत बसतात. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायला सरकारची टोल फ्री लाइन आहे, 1800-180-3024, तिथे पेशंट स्वतःही कळवू शकतो.

ज्यांना महिनाभर घ्यायला सांगितलीय त्यांनी सुरू करताना एकदा आणि संपल्यावर एकदा एलएफटी केली तर फार पैसे जात नाहीत आणि मनाला घोर राहत नाही.

ज्यूस घेऊ, पावडर घेऊ की गोळी?

तयार घ्यायचीच असेल तर लेबलवर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हे पूर्ण नाव, आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख बघा. नुसतं गिलॉय एवढंच लिहिलेलं, नाहीतर वीस वनस्पतींचं मिश्रण ज्यात कोण किती ते दिलेलंच नाही, ते ठेवून द्या. घनवटी हा आटवलेला काढा असतो, म्हणून चूर्णाएवढ्या मापाने घनवटी घेऊ नका. आणि एका वेळी एकच प्रकार. सकाळी ज्यूस, दुपारी गोळी, रात्री काढा असं तिप्पट झालेलं लोकांच्या लक्षातही येत नाही, कारण च्यवनप्राश आणि खोकल्याच्या काढ्यातही ती असते.

कुंडीत येईल का? लावायची कशी?

येते, इतकी सोपी वेल दुसरी नाही. कापून टाकली तरी परत फुटते, झाडावर लटकलेला तुकडा नुसत्या हवेत महिनोन्महिने हिरवा राहतो आणि खाली मुळं सोडतो. मे अखेर जूनला, पाऊस लागायच्या तोंडावर, पेन्सिलीएवढी जाड, दोन डोळे असलेली वीतभर कांडी घ्या, खालचा डोळा मातीत, वरचा बाहेर, बस. पाणी साचू देऊ नका. कुंडी मोठी हवी आणि चढायला आधार हवा. जमिनीत लावणार असाल तर कडुलिंबाच्या किंवा शेवग्याच्या बुंध्याशी लावा, पण लहान झाडावर चढवू नका, ती त्याला झाकून टाकते. औषधाला लगेच तोडू नका, खोड बोटाएवढं जाड होईपर्यंत दोनेक वर्षं थांबा.

रानातून तोडून आणली तर चालेल?

मालकाला किंवा वनखात्याला विचारून, मुळापासून न उपटता, जमिनीपासून हातभर खोड ठेवून कापली तर ती परत येते. कोरोनाच्या काळात कितीतरी ठिकाणी वेली मुळासकट ओरबाडल्या गेल्या, विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला काहीच माहीत नाही.

याउलट शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून (आदिवासींनी रानातला माल गोळा करून विकायची सरकारी योजना) गुळवेल गोळा करून, वाळवून, मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली, त्यांना 350 टनांची, सुमारे 1 कोटी 57 लाख रुपयांची ऑर्डर मिळाल्याचं सरकारनेच जाहीर केलं होतं. कातकऱ्यांना कुठली वेल जून झालीय, कुठली अजून वाढायचीय हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. गुळवेल विकतच घ्यायची असेल तर शक्यतो अशा लोकांकडून घ्या, आणि घेताना विचारा की कुठल्या झाडावरची आणि कधी कापलेली. ज्याने स्वतः कापलीय तो लगेच सांगतो.